सोबतीचा खडा

१

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. साधनाताई घटापुढे फळं मांडत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, पौर्णिमा कधी आहे गं?"

हातातलं डाळिंब हातातच राहिलं. संस्कृतीनं आपणहून काही विचारावं, ही आशा त्यांनी सोडली नव्हती, पण सवय मोडली होती. आषाढात पोरीला ताप आला. ताप उतरला, अंगात बळही आलं, पण मन म्हणून जे असतं ते काही अंथरुणातून उठलं नाही. हिंजवडीची नोकरी सुटली. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून थांबले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची. वाढलं तर दोन घास खायची, नाही वाढलं तर मागायची नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि साधनाताईंचं अनवाणी चालणंही. पोरगी आपल्या पायानं गावाची वेस ओलांडेल तोवर चप्पल घालणार नाही, असं त्या देवापुढे बोलून बसल्या होत्या. निघोज्याच्या रस्त्यावर कंपन्यांच्या ट्रकांमधून सांडलेला लोखंडाचा चुरा तळव्यांत घुसायचा. पण नवस म्हटला की एवढं व्हायचंच.

"दत्तजयंतीला," त्या हळूच म्हणाल्या. "का गं?"

"पौर्णिमेच्या सुमाराला समुद्राचं पाणी खूप लांब हटतं. मग ओल्या वाळूत पक्षी उतरतात. चिखल्या, तुतवार, कुरव. थंडीत कुठून कुठून येतात. मला त्यांचे फोटो काढायचेत." मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "पण पौर्णिमेला ओहोटी अगदी अंधारात आहे. मला उजेडात हवी."

"मग जरा पुढं सरक. चंद्र रोज उशिरा उगवतो, तसं पाणीही रोज उशिरा हटत असेल. संकष्टीच्या आदल्या दिवशी बघ."

संस्कृतीनं मोबाइलवर पाहिलं आणि मान वर केली. "बरोबर आहे! तुला कसं कळलं?"

"जन्मभर चंद्राची वाट बघून उपास सोडलेत बाई."

पोरगी हसली. पुरती नाही, ओठांच्या एका कोपऱ्यात. साधनाताईंना तेवढं पुरलं.

२

"एसटीनं?" दौलतराव जेवता जेवता म्हणाले. चाकणच्या कंपनीत हयात घालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि घरात बसल्यापासून प्रत्येक गोष्टीवर त्यांना मत होतं. "ताम्हिणी घाटातून? पिशव्या मांडीवर घेऊन?"

"मग काय विमानानं जायचं बाबा? वल्लभनगरला बसायचं, कोकणात उतरायचं. पुढं रिक्षा."

"मी कुठं नाही म्हणतो? तुम्हा बायकांना अर्धं तिकीट. पूर्ण एकट्या बापाला. फिरा, बापाच्या जिवावर फिरा."

घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. दौलतराव आणि साधनाताई मूळचे कळंबकडचे. टँकरच्या मागे घागरी घेऊन पळालेली माणसं. एवढं पाणी एका जागी असतं आणि ते रोज उठून दूर जातं, परत येतं, हे संस्कृती सांगत होती आणि दोघं तोंडाकडे बघत होती. जेवण कधी संपलं, कुणाला कळलं नाही.

भांडी घासताना साधनाताईंच्या लक्षात आलं, आपण तिघं.

त्यांच्या माहेरी तिघांनी मिळून कुठं निघायची पद्धत नव्हती. निघावंच लागलं तर अंगणातला एक खडा उचलायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, 'चल आमच्याबरोबर, आता आपण चौघं' म्हणायचं आणि पिशवीत ठेवायचा. परत आलं की खडा पुन्हा अंगणात. पण या इमारतीला अंगण कुठलं? खाली सिमेंटचे ठोकळे, बाहेर रस्त्यावर क्रशरची खडी, धारदार, करवतीसारखी. तिला कुणी सोबत म्हणेल का?

शुक्रवारी त्या नदीवर गेल्या. पूजेतली फुलं तिथल्या निर्माल्याच्या कुंडीत टाकून घाटाच्या पायऱ्यांवरून परत वळल्या, तेव्हा अनवाणी तळव्याखाली काहीतरी गार, गुळगुळीत आलं. त्यांनी वाकून उचललं. काळा कुळकुळीत खडा होता. त्याच्या पोटाभोवती फिकट पट्टा, जणू कधीतरी त्यावर काही गुंडाळलेलं असावं. मुठीत असा बसला, जसा काही ओळखीचाच.

घरी आणून त्यांनी तो धुतला, हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्याच्या कडेला ठेवला. "चल बाबा आमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "आता आपण चौघं."

३

दौलतराव आरक्षण करून आले आणि साधनाताईंनी तिकीट पाहिलं.

"अहो, चार जागा?"

"खिडकीतल्या माणसानं विचारलं, किती. मी म्हटलं, तीन अर्धी, एक पूर्ण."

"तिसरं अर्धं कुणाचं?"

दौलतरावांनी तिकीट पुन्हा हातात घेतलं. "अगं, मला वाटलं तुम्ही तिघी..." मग स्वतःच मांडीवर थाप मारून हसले. "निवृत्त माणसाचं डोकं! ओव्हरटाइम बंद झाला की यंत्र गंजतं. जातो, रद्द करून आणतो."

"राहू द्या बाबा," संस्कृती म्हणाली. "असू दे जागा."

साधनाताईंनी मनाला समजावलं. आपणच दोन दिवस घरभर 'चौघं, चौघं' करत फिरतोय. त्यांच्या कानावर पडलं असेल, तेच जिभेवर आलं.

संध्याकाळी राहण्याची जागा ठरवायची होती. किनाऱ्यालगत स्वप्नाली नावाची बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. संस्कृतीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"हो हो, चौघांचं ना?" तिकडून मोकळा आवाज आला. "मघाशी झालं की बोलणं. तुमच्याकडल्याच बाई होत्या. खोलीतून समुद्र दिसतो का, हेच पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी म्हटलं, दिसतो हो, निवांत या."

फोन ठेवल्यावर संस्कृती म्हणाली, "आई, तू केला होतास तर सांगायचं ना."

साधनाताई म्हणाल्या, "मी? मला वाटलं तू."

मग संस्कृती खांदे उडवून आत गेली. जाताना ती काहीतरी गुणगुणत होती. त्या गुणगुणण्यासाठी साधनाताईंनी बाकीचं सगळं मनातून बाजूला सारलं.

४

पोरगी उमलत चालली होती, हे मात्र खरं. सकाळी आपली आपण उठायची. पहिल्या पगारात घेतलेला कॅमेरा कपाटातून बाहेर आला होता. गच्चीवरून कंपन्यांच्या पत्र्यांवर बसलेल्या घारी, नदीकडचे बगळे, तारेवरचे वेडे राघू यांवर हात साफ करणं चाललं होतं. पोळ्या जास्त लागायला लागल्या. साधनाताई मळलेली कणीक बघायच्या आणि देवाला हात जोडायच्या.

दुपारी दौलतराव आडवे झाले की संस्कृतीच्या खोलीतून आवाज यायचा. ती पक्ष्यांची नावं म्हणत असायची, "हा सुरय. शेपूट दुभंगलेली, बघ." मग थांबायची. थांबणं नेमकं कुणी उत्तर द्यावं एवढंच. मग ती हसायची, "नाही गं, तो कुरव. तो मोठा असतो."

फोनवर बोलत असेल कुणा मैत्रिणीशी. किती चांगलं झालं, असं म्हणत साधनाताई बाहेरच्या खोलीत आल्या. फोन तिथं चार्जिंगला लावलेला होता.

पोरं व्हिडिओ बनवतात हल्ली, स्वतःशीच बोलतात कॅमेऱ्यासमोर. असेल तसलं काही. आणि स्वतःशी बोलली म्हणून काय झालं? आपण नाही का देवाशी बोलत, तो कुठं उत्तर देतो?

चहा घेऊन आत गेल्या तेव्हा संस्कृती कॅमेऱ्यातले फोटो पुढं-मागं करत होती. घार, घार, बगळा. आणि मध्येच संस्कृती स्वतः. गच्चीच्या कठड्याला टेकलेली, केस उडालेले, तोंडभर हसणारी. फोटो खालून काढलेला होता, जसा काही कुणी पायाशी बसून काढावा.

"हा कुणी काढला गं?"

"काढला," संस्कृती म्हणाली आणि पुढचा फोटो लावला.

ताटात बशा दोन होत्या, आणि स्वतःचा चहा तर कधीच झाला होता. साधनाताईंना आठवेना, आपण चहाचे दोन कप का आणले.

५

इमारत ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीन कधीकाळी कुशाबाईंची. मोबदल्यात त्यांना खालचा फ्लॅट मिळाला होता. दत्तजयंतीच्या दुपारी त्या हळदीकुंकवाला वर आल्या. वय झालेलं, पण नजर घारीची. देव्हाऱ्यापुढं वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"ह्यो कुठला गं?"

"सोबतीचा खडा आहे मावशी. तिघंच निघालोय ना. नदीवरून आणला."

"घाटावरनं?" कुशाबाईंनी हात मागं घेतला. "अगं बये. घाटावरचा खडा कुनी घरात आनतं व्हय?"

"का? काय झालं?"

"तुमा बायास्नी ठावं न्हाई. मसनवाटंत कोन जातंय आपल्यातलं. पर माजं रान घाटाला लागून हुतं, मी समदं बगितलंय." त्यांनी आवाज बारीक केला. "मानूस गेलं की ज्यानं मडकं फोडत्यात बग, त्यो खडा. चिंधी गुंडाळून दहा दिस जपायचा. गेल्यालं मानूस त्यातच बसल्यालं असतं म्हनत्यात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, की खडा पान्यात सोडायचा. मग त्ये मोकळं हुतं."

साधनाताईंनी खड्याच्या पोटाभोवतीच्या फिकट पट्ट्याकडे पाहिलं. "आणि कावळा नाही शिवला तर?"

"बसत्यात मानसं वाट बगत. किती बसायची? न्हाई आलं पाखरू, तर तसाच सोडून घरला जात्यात." कुशाबाई खड्यापासून मागं सरकल्या. "तू ह्याला काय बोलली तर न्हाईस?"

"चल म्हणाले. आमच्याबरोबर."

कुशाबाई काही बोलणार, तेवढ्यात आतून संस्कृतीचा आवाज आला, आनंदी, खणखणीत, "आई, चहा टाकतेस का? आम्हाला दोघींना!"

कुशाबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आज सोड नेऊन," एवढंच म्हणाल्या, आणि कुंकू न लावताच जिना उतरू लागल्या.

६

साधनाताई त्याच दुपारी गेल्या. पदराखाली खडा, ओठात स्तोत्र. ढोपरभर पाण्यात उतरून त्यांनी तो दोन्ही हातांनी सोडला, जसा दिवा सोडावा तसा. "चुकलं बाई माझं," त्या म्हणाल्या. आपण बाई का म्हणालो, हे त्यांना पायऱ्या चढून आल्यावर जाणवलं.

घर गप्प होतं. संस्कृती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कॅमेरा पुन्हा कपाटात गेला होता.

"काय झालं गं?"

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मला नाही जायचं."

"अगं, सगळं ठरलंय. पाखरं येतील ना तुझी ओहोटीला."

"एकटीनं काय जायचं."

"आम्ही आहोत की."

संध्याकाळचं ताट तसंच परत आलं, रात्रीचं दूधही. दौलतराव दाराशी घुटमळले, एक विनोद केला, तो खाली पडला तसा त्यांनी उचलून नेला. "चढउतार असतात म्हणाले होते डॉक्टर," ते बायकोला म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

साधनाताई देवापुढं बसल्या. त्यांनी आजवर देवाकडे जे मागितलं ते हात जोडून, वाट बघून मागितलं होतं. चोरून काही घेतलं नव्हतं. पण भिंतीकडे वळलेली ती पाठ त्यांना दिसत होती. डोळे मिटले तरी दिसत होती.

सकाळी त्या पुन्हा घाटावर गेल्या. ढोपरभर पाण्यात सोडलेला खडा सगळ्यात वरच्या, कोरड्या पायरीवर होता. पाणी रात्रीतून वाढून ओसरलं असेल, त्या स्वतःशी म्हणाल्या. नदी कालच्याइतकीच होती.

या वेळी त्यांनी तो ओळखून उचलला.

"कुणाची आहेस, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी पाखरू आलं नाही, वाईट झालं. चल. तिथं पुष्कळ आहेत. समुद्र बघ. पण माझं माणूस माझ्याजवळ राहू दे."

घराची घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. दारात संस्कृती उभी होती, न्हालेली, हसरी. तिनं आईकडे पाहिलं नाही. आईच्या खांद्यामागे, जरा खाली पाहिलं. मग ती दारातून बाजूला झाली. साधनाताई आत गेल्या तरी ती तशीच बाजूला उभी होती, आणखी कुणी आत यायचं असावं तशी. मग तिनं दार लावलं.

संध्याकाळी लेन्स पुसता पुसता ती म्हणाली, "येतानाची तिकिटं तीनच काढायला सांग बाबांना."

"बरं." साधनाताईंच्या जिवात जीव आला. म्हणजे पोरीलाही कळतंय. तिथवर सोबत, तिथून आपापल्या वाटेनं.

"कुणीतरी राहणारच ना तिथं," संस्कृती म्हणाली, अगदी साध्या सुरात, काचेवर फुंकर मारत. "सगळ्यांना कसं परत येता येईल?"

"कोण राहणार?"

"ते तिथं गेल्यावर ठरेल, आई."

७

निघोज्याहून रिक्षा मोशीकडे वळली तेव्हा दौलतरावांनी पिशवीतून बायकोच्या चपला काढल्या. "ओलांडली हो पोरीनं वेस. घाला आता."

"परत येऊ दे आधी," साधनाताई म्हणाल्या आणि चपला परत ठेवून दिल्या. नवस करताना परत येण्याचं काही बोलल्या नव्हत्या. पण आता तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं.

वल्लभनगरला एसटी लागलेलीच होती. पुढं-मागं दोन-दोन जागा. संस्कृती मागच्या खिडकीकडे वळली, तसा साधनाताईंनी तिचा दंड धरला. एवढा घट्ट त्यांनी तो तिच्या लहानपणी रस्ता ओलांडतानाच धरला असेल.

"तू बाबांजवळ बस."

"पण आई, मी तिच्या..."

"बाबांजवळ बस म्हटलं ना. आणि देव्हाऱ्यातून घेतलेला तो खडा दे इकडं. माझ्याकडं राहू दे."

संस्कृतीनं दिला. साधनाताईंनी तो कनवटीला खोचला आणि मागच्या बाकावर कडेला बसल्या. खिडकीची जागा मोकळी ठेवली. त्यांच्या मनात हिशेब पक्का होता. कुणी तिथं राहायचंच असलं, तर निवड करणारीनं आपल्याला बघावं. आपल्याशी बोलावं. पोरीला बापाच्या पलीकडं सुरक्षित बसू द्यावं. सगळी व्रतं पोरीसाठी केली, हेही त्यातलंच एक.

वाहक आला. तिकीट पाहिलं. "तीन अर्धी, एक पूर्ण," तो म्हणाला. त्यानं पुढच्या बाकावर नजर टाकली, मागच्या बाकावर टाकली, आणि काही न विचारता पुढं गेला.

गाडी शहराबाहेर पडली. पौडच्या पुढं धुकं होतं. सगळ्या काचा स्वच्छ, आणि साधनाताईंशेजारच्या काचेवर मात्र वाफ धरलेली. त्या समोर बघत राहिल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात त्या वाफेवर एक लहानसं वर्तुळ पुसलं गेलं, बाहेर बघायला लागतं तेवढं.

"बस बाई," साधनाताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "नीट बस. लांब आहे अजून." त्यांना वाटली होती तेवढी भीती वाटत नव्हती. उलट कीव आली. कुणाची तरी लेकच ना ही.

घाट लागला तशी गाडी वळणं घेऊ लागली. पुढच्या बाकावर बापलेकीचं चाललं होतं.

"बाबा, तो बघा तारेवर! ओळखा."

"कावळा."

"तुमचं सगळंच कावळा!"

दौलतराव मोठ्यानं हसले. तीही हसली, मोकळी, भरभरून. तिनं हसताना मान मागं टाकली. किती दिवसांनी ऐकलं हे हसू, असं साधनाताईंच्या मनात आलं. पाठोपाठ दुसरं काही आलं. असं हसू त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. संस्कृती हसताना तोंडावर हात धरायची.

त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर एक डोकं टेकलं.

हळूच टेकलं, घाटात पोट ढवळलेलं पोर टेकतं तसं, आणि मग सगळा भार टाकून. साधनाताई हलल्या नाहीत. मान वळवायचं धैर्य त्यांना झालं नाही. फक्त वास आला. जास्वंदीचं तेल, कापूर घालून कढवलेलं. आज पहाटे स्वयंपाकघरात पाटावर बसवून, पोरीच्या ज्या डोक्याला त्यांनी आपल्या हातानं चोळलं होतं, त्याच डोक्याचा वास. खांद्याजवळ कुणीतरी अगदी बारीक, थकलेल्या आवाजात श्वास घेत होतं. आषाढातल्या तापात संस्कृती घ्यायची तसा.

पुढं ती पुन्हा हसली.

हाक मारावी, म्हणजे कळेल, असं त्यांना वाटलं. नाव ओठापर्यंत आलं. पण पुढून ओ आली तर या खांद्यावरच्या पोरीनं कुणाकडं बघायचं? आणि ओ इथून आली, तर मग तिथं बापाच्या दंडाला धरून हसतंय ते कोण?

गाडी वळली आणि उन्हाची तिरीप थेट खिडकीतून आत आली. साधनाताईंनी ओठ मिटून घेतले. मग डावा हात उचलून, न बघताच, त्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी आपला पदर पुढं धरला.